चाळीस पट पुरे

मुलांसाठी मिळणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. ९०० पट, १२०० पट. ठाण्यात गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर दुकानात उभे असलेले आईबाबा दोन खोकी हातात धरतात आणि ज्यावरचा आकडा मोठा ते घेतात. त्यात त्यांचे काही चुकत नाही, कारण तुलना करता येईल असे दुसरे काही खोक्यावर लिहिलेलेच नसते. पण दिवाळीच्या सुट्टीत उघडलेले ते खोके पुढच्या महिन्यात माळ्यावर जाते, तेव्हा दोष मुलाच्या चंचलपणाला दिला जातो. माझ्या मते दोष त्या आकड्याचा असतो.

सूक्ष्मदर्शकात दोन भिंगे एकापुढे एक काम करतात. डोळ्याजवळची नेत्रिका बहुधा १० पट मोठे दाखवते. खालचे पदार्थभिंग ४, १० किंवा ४० पट. दोन्हींचा गुणाकार केला की ४०, १०० आणि ४०० हे आकडे मिळतात. यापुढे नेत्रिका बदलून गुणाकार हवा तेवढा वाढवता येतो; तपशील मात्र वाढत नाही. तपशील किती दिसणार हे ठरते पदार्थभिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते यावर आणि प्रकाशाच्या स्वतःच्या तरंगलांबीवर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उत्तमातला उत्तम नेहमीचा प्रकाशीय सूक्ष्मदर्शकही ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दाखवू शकत नाही, आणि खेळण्यातले प्लास्टिकचे भिंग तर त्या मर्यादेच्या आसपासही पोचत नाही. तिथे १२०० पट म्हणजे मोठा केलेला धुरकट डाग.

शिवाय वाढत्या पटींबरोबर तीन गोष्टी हातातून निसटतात. प्रकाश कमी होतो. टेबलाला लागलेला धक्काही पटीत वाढून दिसतो. आणि दिसणारे वर्तुळ आक्रसते: साध्या शालेय सूक्ष्मदर्शकात ४० पटींना साधारण साडेचार मिलिमीटर रुंदीची जागा एका वेळी दिसते, ४०० पटींना अर्धा मिलिमीटरही नाही. सहा वर्षांच्या मुलाने त्या अर्ध्या मिलिमीटरात मुंगीचा पाय शोधावा अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला काळे वर्तुळ दिसते, मागून आपण "दिसलं का?" विचारत राहतो, आणि ते कंटाळून "हो" म्हणते. हे खोटे "हो" मला फार टोचते. विज्ञानाशी मुलाची पहिली भेट न दिसलेले दिसले म्हणण्याने होऊ नये.

म्हणून पहिले काही महिने सर्वांत लहान पदार्थभिंगच वापरावे. चाळीस पट पुरे.

त्याहून लहान मुलांना, म्हणजे चार-पाच वर्षांच्या, सूक्ष्मदर्शकही नको. दहा पटींचे हातभिंग द्यावे आणि ते धरायला शिकवावे. भिंग डोळ्यापासून लांब धरून वस्तूवर फिरवायचे नसते; ते डोळ्याजवळ टेकवायचे आणि वस्तू हळूहळू जवळ आणायची. एवढे जमले की तांदळातल्या सोंडकिड्याची सोंड दिसते, आणि तिच्यावर फुटलेल्या मिशाही. या वयाच्या मुलांना एक डोळा मिटणे सहसा जमत नाही. नंतर सूक्ष्मदर्शक आला तरी जमेलच असे नाही. अशा वेळी एक डोळा तळहाताने झाकू द्यावा. मात्र दोन्ही डोळ्यांनी पाहायचा, वीस ते चाळीस पटींचा सूक्ष्मदर्शक परवडत असेल तर लहान मुलांसाठी त्यासारखे दुसरे काही नाही. त्यात प्रतिमा सुलटी दिसते आणि अख्खा किडा काचपट्टीशिवाय ठेवता येतो.

विकत घेताना पटींऐवजी वजन पाहावे. धातूचे अंग, काचेची भिंगे, घट्ट पण सावकाश फिरणारा मळसूत्री खटका, खाली आरसा किंवा दिवा. हरियाणातल्या अंबाल्यात असे शालेय सूक्ष्मदर्शक पिढ्यान्‌पिढ्या बनत आले आहेत, आणि मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ते मिळतात. दुसरे टोक म्हणजे फोल्डस्कोप. मेरठमध्ये जन्मलेले मनू प्रकाश आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले: घडी घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक, त्यात मण्याएवढे एकच भिंग, १४० पटी, आणि सुट्या भागांचा खर्च एका डॉलरपेक्षा कमी. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पुढे तो इथल्या शाळा-महाविद्यालयांपर्यंत नेला. खिशात मावतो, पावसात भिजला तरी जीव हळहळत नाही. फक्त त्याचे भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरावे लागते, म्हणून आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांनाच तो सोयीचा.

दिवा बटनसेलवर चालत असेल तर त्या सेलच्या झाकणाला स्क्रू आहे की नाही ते दुकानातच तपासावे. गिळलेला बटनसेल अन्ननलिका जाळतो. घरात लहान भावंड असेल तर हा मुद्दा पटींपेक्षा कितीतरी महत्त्वाचा. आणि आरशात कधीही थेट सूर्य धरू द्यायचा नाही. खिडकीतले उजळ आकाश पुरते.

घरातलेच आधी

संचाबरोबर तयार काचपट्ट्या येतात: मधमाशीचा पंख, डाळिंबी रंगात बुडवलेला कसला तरी छेद. त्या बाजूला ठेवाव्यात. मुलाने पहिल्यांदा पाहायची वस्तू अशी हवी, जी त्याला डोळ्यांनी पूर्ण ओळखीची आहे. आजच्या वर्तमानपत्रातला "ग" कापून काचपट्टीवर ठेवा. मूल पाहते, डोके वर करते, पुन्हा पाहते. अक्षर उलटे झालेले असते, वरचे खाली आणि डावे उजवीकडे. मग काचपट्टी डावीकडे सरकवली की "ग" उजवीकडे पळतो. इथे मोठ्यांनी गप्प राहावे. दहा मिनिटांत मुलाच्या हाताला ही उलटी दुनिया सवयीची होते आणि नियम ते स्वतःच सांगते. नंतर त्याच पानावरचा रंगीत फोटो ठेवून वरून तिरकी बॅटरी मारा. झाडाच्या हिरव्या पानात हिरवा ठिपका एकही सापडत नाही. असतात ते निळसर आणि पिवळे. सगळा फोटो निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांच्या ठिपक्यांतून उभा राहिलेला असतो.

यानंतर स्वयंपाकघर आणि देवघर यांत महिनोन्‌महिने पुरेल इतके आहे. मीठ आणि साखर शेजारी शेजारी ठेवली तर मिठाचे कण चौकोनी ठोकळ्यांसारखे, साखरेचे तिरकस पैलूंचे. फुलवातीच्या कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा, रेशमाचा गुळगुळीत. गणपतीला वाहिलेली जास्वंद निर्माल्यात जाण्याआधी मागून घ्यावी. तिचे पराग वनस्पतींच्या मानाने खूप मोठे असतात, मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक. चाळीस पटींनाही त्यांचा गोल आणि त्यावरचे काटे दिसतात. हे काटे कशाला, असा प्रश्न मूल विचारतेच. उत्तर देण्याआधी त्याला त्याच परागांवर बोट टेकवून पाहू द्या, किती चिकटतात ते. कीटकाच्या आणि पक्ष्याच्या अंगाला असेच चिकटून ते दुसऱ्या फुलावर जातात.

कांद्याच्या पापुद्र्यावर थोडे थांबायला हवे. शाळेत पेशी सातवीच्या आसपास भेटतात, आणि बहुतेकांच्या आठवणीत ती विटांच्या भिंतीसारखी आकृतीच उरते. घरी हा प्रयोग पहिली-दुसरीचे मूलही करू शकते, सुरी मोठ्यांनी धरली तर. कांद्याच्या जाड पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा नखाने सुटतो. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा न दुमडता पसरायचा, वरची पातळ काच एका कडेने टेकवून सावकाश खाली सोडायची. धपकन टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात. ते अडकतातच, आणि जाड काळ्या कडेचे ते सुबक वर्तुळ हा प्रत्येक मुलाचा पहिला "शोध" असतो. तो हसण्यावारी नेऊ नये. "हे कांद्याचं आहे की पाण्याचं, कसं ठरवायचं?" एवढेच विचारावे. नुसत्या पाण्याची दुसरी काचपट्टी करून पाहू या, हे उत्तर मुलाकडून आले तर त्या दुपारी आणखी काही शिकवायची गरज नाही. नियंत्रित प्रयोग म्हणतात तो हाच.

कांद्याच्या पेशी पाव ते चार दशांश मिलिमीटर लांब असतात. पारदर्शक पट्टी भिंगाखाली ठेवून वर्तुळात किती मिलिमीटर मावतात ते आधी मोजायचे, मग त्याच वर्तुळात ओळीने किती पेशी बसतात ते मोजायचे आणि भागाकार करायचा. चौथीच्या मुलाला भागाकाराचे इतके चांगले कारण क्वचितच मिळते. पाण्याने फिकट केलेले टिंक्चर आयोडीन कडेने सोडले की प्रत्येक पेशीत एक पिवळसर तपकिरी ठिपका उठून दिसतो, ते केंद्रक. तेच आयोडीन बटाट्याच्या खरवडीवर टाकले तर कण निळे-काळे होतात. बटाटा आपला साठा स्टार्चच्या रूपात ठेवतो, कांदा शर्करेच्या, म्हणून तर परतल्यावर कांदा गोड लागतो.

मोठ्यांनी पाळायचे पथ्य एकच: नाव शेवटी सांगायचे. "हे केंद्रक" म्हटले की मूल पाहणे थांबवते, कारण काम झाले असे त्याला वाटते. आधी त्याने वाटी पालथी घालून वहीत वर्तुळ काढावे आणि जे दिसते ते त्यात काढावे, तारीख आणि जागा लिहून. मोबाइल नेत्रिकेवर टेकवून फोटो काढता येतो, आजी-आजोबांना एकाच वेळी दाखवायला तो उपयोगाचाही आहे. पण फोटोत सगळे येते, चित्रात पाहिलेलेच येते. चित्र काढताना मूल पुन्हा पुन्हा भिंगाकडे वळते, तेच हवे आहे.

पन्हाळीतली धूळ

लहान मुलांना सांगावी अशी या उपकरणाची गोष्ट एका कापडविक्याची आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी अंतोनी फान लेव्हेनहुक (१६३२ ते १७२३) कापडाचा व्यापार करत असे. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते, लॅटिन येत नव्हते. लंडनच्या रॉयल सोसायटीला तो आयुष्यभर पत्रे लिहीत राहिला ती आपल्या डच भाषेत. भाषांतर करून घेणे हे त्यांचे काम. भिंगे तो स्वतः घासायचा. त्याच्या उरलेल्या सूक्ष्मदर्शकांतला सर्वांत प्रभावी सुमारे २७० पटींचा आहे, तोही एकाच इवल्या भिंगाचा.

मिरी तिखट का लागते, हा त्याचा प्रश्न होता. मिरी मूळची आपल्या मलबारची. तिच्या कणांना बारीक काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील, असा त्याचा कयास. म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत ठेवली. काटे सापडले नाहीत. काही आठवड्यांनी त्या पाण्यात असंख्य जिवंत जीव मात्र फिरताना दिसले. ९ ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात त्याने ते कळवले. लंडनमध्ये कोणी लगेच विश्वास ठेवला नाही. 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक १६६५ साली लिहिणाऱ्या रॉबर्ट हूकवर तेच करून पाहण्याची जबाबदारी आली. त्यानेही मिरी भिजवली, आणि १६७७ च्या नोव्हेंबरात सोसायटीच्या सभासदांनी ते जीव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग हा दुसरा आहे. एकाला दिसले, ते दुसऱ्याला करून पाहता आले. घरातही ताई म्हणते तसे दादाला दिसते का, हे तपासावे.

लेव्हेनहुकचा आणखी एक प्रयोग ठाण्याच्या नौपाड्यात जसाच्या तसा करता येतो. १७०२ साली त्याने आपल्या घराच्या पन्हाळीत वाळून गेलेला गाळ घेऊन त्यावर पाणी टाकले, आणि थोड्याच वेळात त्यात इवले प्राणी हलू लागले. ते रोटिफर होते. वाळल्यावर आक्रसून निपचित पडतात, पाणी मिळाले की पुन्हा चालू लागतात. घंटाळी, विष्णुनगर भागातल्या जुन्या सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवर, गच्चीच्या कठड्यांवर पावसाळ्यात मखमली शेवाळ चढते आणि मे महिन्यात ते तपकिरी, चुरचुरीत होते. एप्रिल-मेमध्ये नखाएवढा वाळका तुकडा काढून एका वाटीत पाण्यात काही तास ठेवा. पाणी नळाचे असेल तर ते आधी एक दिवस उघडे राहू द्या, म्हणजे क्लोरीन निघून जाईल. मग शेवाळ काचपट्टीवर पिळा. पहिल्याच थेंबात काही दिसेल असे नाही, चार-सहा थेंब पाहावे लागतात. वळवळणारे सूत्रकृमी बहुधा भेटतात. डोक्याशी दोन चाके फिरत असल्यासारखे दिसणारे रोटिफर भेटतात. ती चाके म्हणजे लयीत हलणारे बारीक केस, त्यांच्या भोवऱ्याने अन्न तोंडाकडे ओढले जाते. आणि नशीब चांगले असेल तर आठ आखूड पायांनी शेवाळात चढणारे जलअस्वल, अर्ध्या मिलिमीटरच्या आतले. चाळीस पटींना ते ठिपका म्हणून चालताना दिसते. इथे मूल स्वतःहून पुढच्या भिंगाकडे हात नेते. शंभर पटींची वेळ झाली ती आता, खोके उघडले त्या दिवशी नव्हे.

हे करताना छताचा पंखा बंद. सिकंदराबादेत हिवतापाचा माग काढणारा डॉक्टर रोनाल्ड रॉस डास चिरून तपासत होता तेव्हा वाऱ्याने ते उडून जातील म्हणून पंखाही ओढू देत नसे. घामाने त्याच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि उरलेली एकमेव नेत्रिका तडकलेली होती. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्याला ॲनॉफिलिस डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. आपल्याकडच्या ऑगस्टमध्ये डासांची अळी कुंडीखालच्या थाळीत केव्हाही सापडते. ॲनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते, क्युलेक्सची डोके खाली करून तिरकी लोंबते, हे हातभिंगानेही कळते. अळी झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि पाहून झाल्यावर पाणी कोरड्या मातीवर ओता. आठवडाभरात तिचा डास होतो. बोट टोचून रक्त पाहणे मात्र घरी करू नये, मुलाने कितीही हट्ट केला तरी.

ठाण्याच्या पावसाळ्यात गंजापेक्षा मोठा शत्रू म्हणजे भिंगावरची बुरशी. ती काचेवरचा लेप खाते आणि मग पुसून जात नाही. जून ते सप्टेंबर सूक्ष्मदर्शक बंद कपाटात न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

तलाव आणि खाडी

कचराळी तलाव नौपाड्यातून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, मासुंदा तलाव स्टेशनच्या वाटेवर. पाणी मोठ्यांनी काढावे, दोरी बांधलेल्या बाटलीने. नंतर साबणाने हात धुवावेत. या पाण्याचा हिरवा रंग म्हणजे एकपेशीय शैवाले, आणि ती कोणती हे महिन्यागणिक बदलते. मूल दहा वर्षांचे झाले की इथे खरा प्रकल्प उभा राहतो. दोन्ही तलावांतून दर महिन्याला ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या वेळी एकेक बाटली; प्रत्येकातले ठरावीक थेंब; कोणता आकार किती वेळा दिसला याची खूण. नावे येत नसतील तर "हिरवी होडी", "गोल झुपका" असे स्वतःचे नाव चालेल, चित्र शेजारी असले म्हणजे झाले. पावसाआधी आणि नंतर, गणेशोत्सवाआधी आणि नंतर काय बदलले? १० ते १७ वयोगटासाठी १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत परिसरातल्या प्रश्नांवर असेच गटाने केलेले काम अपेक्षित असते. ठाण्याची जिज्ञासा ट्रस्ट ही संस्था अशा मुलांच्या पाठीशी वर्षानुवर्षे उभी आहे. १९६६ साली स्थापन झालेली, चुनाभट्टीला घर असलेली मराठी विज्ञान परिषद मराठीतून प्रश्न विचारणाऱ्यांसाठी आहे. सहावी आणि नववीची मुले बसतात त्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाची फेरी असते, आणि काचपट्टी स्वतः बनवलेली बोटे तिथे अडखळत नाहीत.

खाडीचा चिखल थोडा अवघड, म्हणून शेवटी. भरतीच्या रेषेजवळचा चमचाभर वरवरचा गाळ पाण्यात ढवळून निवळू द्यायचा आणि वरच्या थराचा थेंब घ्यायचा. शंभर पटींना होड्यांच्या आकाराचे सोनेरी-तपकिरी डायटम सरकताना दिसतात, चारशेला त्यांच्या वाळूसारख्या सिलिकेच्या कवचावरच्या रेघा. ठाणे खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाली आणि २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. हजारोंच्या संख्येने येणारे लहान रोहित वाकड्या चोचीने पाणी गाळून हीच सूक्ष्म शैवाले आणि डायटम खातात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही या खाद्यातल्या कॅरोटीन गटातल्या रंगद्रव्यांतून येतो. ऐरोलीला पक्षी पाहायला जाणार असाल तर बाटली बरोबर ठेवा, आणि दुर्बिणीतून रोहित पाहून झाल्यावर मुलाला विचारा की ते काय खात असतील. घरी आल्यावर त्याला काचपट्टी करू द्या.